बाबाचा रंग

"ह्यो पन नको," आये म्हणाली, आणि दुकानदाराने हात टेकले.

नौपाड्यातलं ते आमचं तिसरं दुकान. भिंतभर रंगीत टीव्ही मांडलेले आणि सगळ्यांवर एकच लाल पोपट. शहाणी गिऱ्हाइकं पोपट बघून टीव्ही पसंत करत होती. माझी आये मात्र बाजारात मासळी विकून तशीच आली होती, आणि टोपलीतून फडक्यात गुंडाळलेली कॅसेट काढून ती लावा म्हणून हटून बसली होती. दुकानदाराने नाक मुरडून ती व्हिडिओत सरकवली. सगळे टीव्ही एकाच वायरीवर. पोपट गेला आणि भिंतभर माझा बाप उभा राहिला, आणि सगळीकडे पिवळा.

"मावशी, एकवीस इंच आहे. घरात थेटर होईल थेटर! चित्र बघा ना."

"चित्र बरा हाय," आये म्हणाली. "मानूस चुकलाय."

मी सुट्टी टाकून आलो होतो. डोकं चढत होतं, पण तिला बोलायची सोय नव्हती. कॅसेट माझ्या बहिणीच्या, शेवंतीच्या लग्नाची. तिच्यात आमचा बाबा, धाकू त्याचं नाव, मांडवाच्या दाराशी उभा आहे. पांढरा सदरा, लाल टोपी. कॅमेऱ्याकडे बघून हसतो आणि 'चल, पुढं जा' असा हात हलवतो. बाबाचं हलतं-बोलतं असं तेवढंच आमच्याकडे उरलं होतं. व्हिडिओ भाड्याने आणून घरच्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर आम्ही ती एक-दोनदा बघितली, तेव्हा बाबा शेजारी बसून स्वतःलाच हसला होता.

गेल्या वर्षी काविळीने तो गेला. शेवटी शेवटी इस्पितळात त्याचं अंग, नखं, डोळे, सगळं पिवळं. आयेने डोळे मिटले की तोच चेहरा समोर यायचा. तिला हसणारा, धडधाकट, काळासावळा नवरा परत बघायचा होता, म्हणून हा रंगीत टीव्हीचा घाट. आणि रंगात बघावं तर बाबा पुन्हा पिवळा! आगीतून उठून फुफाट्यात पडल्यासारखं झालं.

एवढ्यात आये कोपऱ्यातल्या टीव्हीपुढे जाऊन उभी राहिली. त्यात बाबा निळसर काळा दिसत होता.

"ह्यो दे."

"अहो मावशी, तो बिघडलाय! रिपेरिंगला आलाय, पिक्चर ट्यूब गेलीय त्याची."

"पन मानूस बराबर दिसतं."

"आये, चांगले टीव्ही सोडून बिघडलेला घेतेस?" मी म्हणालो.

"तुमचं चांगलं टीव्ही माज्या दादल्याला आजारी पाडतान," ती म्हणाली. दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी पोपटाकडे बघणार होतो, पण तोही गेला होता.

शेवटी मीच एक निवडला आणि रिक्षात मांडीवर घेऊन बाळकुमला घरी आणला. रंग घरी जुळवता येतो, असं दुकानदाराने सांगितलं होतं. संध्याकाळी व्हिडिओ भाड्याने देणारा काळुराम तो घेऊन स्वतःच आला. कॅसेट लावून टीव्हीचा रिमोट घेऊन बसला.

"रंग थोडा उतरवू?"

"उतरव," आये म्हणाली. "अजून. अजून उतरव."

काळुराम उतरवत गेला. बाबाचा पिवळेपणा कमी झाला खरा, पण त्याबरोबर मांडवाची आंब्याची पानं राखाडी झाली, बँडवाल्यांचे लाल डगले चिखलात बुडवल्यासारखे दिसायला लागले.

"आता टोपी काली झाली त्याची," आये म्हणाली.

"मावशी, टोपी लाल ठेवली तर काका पिवळे होतात. मी तरी काय करू?"

"एकट्या त्याचाच पिवला काढ ना."

"तसं बटण नसतं हो!"

माझा तोल गेला. "आये, बस झाला आता! बाबा गेला! टीव्हीतून कोन काढून देनार नाय तुला!"

काळुरामने मान खाली घातली. आयेने पदर तोंडाला लावला आणि टीव्हीकडे पाठ करून भिंतीशी जाऊन बसली. आपण काय बोलून बसलो हे कळून मला स्वतःचाच राग आला, पण तोंडातून गेलेला शब्द परत थोडाच येतो.

तेवढ्यात शेवंती आली. नवीन टीव्ही बघायला म्हणून मुद्दाम सासरहून, कोपर गावाहून आली होती. दारातच थबकली.

"ही कोनाच्या मयताची कॅसेट लावलीय?"

"तुझ्या लग्नाची," मी म्हणालो.

"असा व्हता माजा लगीन?" तिने काळुरामच्या हातातून रिमोट घेतला आणि रंग वर वर चढवत नेला. पानं हिरवी झाली, टोपी लाल झाली, बाबा पिवळा झाला.

"बंद कर," आये भिंतीकडूनच म्हणाली. "मना तो इस्पितलातला चेहरा नको गो."

"इस्पितलातला?" शेवंती तिच्याकडे बघत राहिली. मग हळू म्हणाली, "आये, हलद हाय ती."

आयेने भिंतीकडची मान वळवली.

"आदल्या राती तूच नाय थापलीस त्याला? सकाली धू बोललीस, तर तुज्यावर ओरडला. पोर वाटेला लागली की धुवीन, बोलला. विसरलास काय रं नाम्या तू पन?"

विसरलो होतो. व्हिडिओवाला फक्त लग्नाच्या दिवसापुरता सांगितला होता, हळदीची रात्र त्यात नव्हतीच. आणि आमच्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीत हळद कुठून दिसणार! काविळीच्या डोळ्याला जग पिवळं दिसतं म्हणतात. कावीळ बाबाला झाली, डोळे मात्र आमचे बिघडले.

"डोलं बघ त्याचं," शेवंतीने चित्र थांबवलं. "पांढरंशुभ्र हाईत."

आये उठली. टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसली. बाबा हसत हात वर करून थांबला होता. त्याच्या मागे तबक घेऊन चाललेली एक बाई अर्धी दिसत होती. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, आणि तबकाखाली तिचा पिवळाधमक तळवा.

आयेने आपला बिनबांगड्यांचा हात मांडीवर उलटा केला आणि तळव्याकडे बघितलं.

"नाम्या," ती म्हणाली, "वाढव जरा."

मी रंग वाढवला.

"अजून."

मी शेवटपर्यंत नेला. बँडवाले पिवळे झाले, पाहुणे पिवळे झाले, सगळा मांडव पिवळा झाला. काळुराम रिमोट मागायला पुढे झाला आणि परत मागे जाऊन बसला.

"ऱ्हाऊ दे असाच," आये म्हणाली.

तेव्हापासून आमच्या घरी बातम्या देणारी बाईसुद्धा पिवळी दिसते. आलागेला सांगतो, नामा, रंग नीट लावून घे की रे. मी म्हणतो, नीटच आहे.