विहिरीवरचा देव

भैयालाल ठेकेदाराच्या माणसानं विहिरीपाशी चुन्याची रेघ मारली, तेव्हा गिरजाबाईच्या डोक्यावर भरली घागर होती. तिनं ती तशीच रेघेवर ओतली. त्यानं दुसरी रेघ मारली, हिनं दुसरी घागर आणली. दुपारपर्यंत हेच चाललं. शेवटी चुना संपला, पाणी नाही संपलं.

सुपेला गावाच्या अलीकडं, रुळाच्या कडेला रूळ राखणाऱ्या गँगमनची ती वस्ती. सारे नागपूरकडचे, दोन वर्षांमागं बौद्ध झालेले. विहीर त्यांनीच मुरूम फोडून खोदली होती, अन् त्या खोदाईत दरड पडून गिरजाबाईचा नवरा गेला होता. आता कारखाना उभा राहत होता आणि भैयालालला सिमेंटच्या गोदामासाठी नेमकी तीच जागा हवी होती. विहीर बुजवणार म्हणे! वस्तीतले लोक अर्ज घेऊन गेले, तर कचेरीतला बाबू म्हणाला, नकाशात विहीरच नाही. डोळे फुटले होते काय मेल्या नकाशाचे?

मग तिचा दीर देवाजी यानं अक्कल चालवली. रुळाखालच्या खडीतला मोठा धोंडा आणला, शेंदूर फासला अन् विहिरीच्या काठावर बसवला. गोदामाचा पाया खोदायला आलेल्या उतई गावाकडच्या मजुरांनी कुदळी खाली ठेवल्या, नारळ फोडला. वस्ती खूश. गिरजाबाई मात्र दिरावर उखडली.

"देव मानणार नाई, अशी नागपूरले शपथ घेतली होती ना तू? मंग हे कावून केलं?"

"वैनी, तुले पानी पायजे का शपथ?"

ती जास्तच चिडली.

पण भैयालाल बारा गावचं पाणी प्यालेला. तो आला, जोडे काढले, धोंड्याला हात जोडले अन् आठवड्यात विहिरीभोवती भिंत, फाटक, पुजारी सगळं उभं केलं. गिरजाबाई पाण्याला गेली, तर पुजाऱ्यानं जात विचारली अन् फाटक लावून घेतलं. देवाची विहीर बाटेल म्हणे. वस्ती तहानेनं उठून गेली की पूजा घालून देव हलवायचा अन् गोदाम बांधायचं, हा भैयालालचा डाव शेंबड्या पोरालाही कळत होता.

तीन दिवस लोक नाल्याचं गढूळ पाणी प्यायले. देवाजी तोंड लपवत फिरला. धोंड्याचं खरं सांगितलं तर धोंडा जाईल अन् गोदाम येईल, म्हणून सारे गिरजाबाईला गप्प बसवत होते. चौथ्या दिवशी ती ऐकेना. फाटकासमोर गेली अन् पूजेला जमलेल्या मजुरांना ऐकू जाईल असं बोलली.

"महाराज, हा धोंडा रुळाखालचा हाये. माह्या देरानं आणला, शेंदूर बी त्यानंच लावला. तुमी आमच्या हातच्या देवाले आंघोळ घालून राहिले."

 तांब्या तिथंच टाकून पुजारी सुपेल्याच्या रस्त्याला लागला. हे ऐकून आलेल्या भैयालालला मात्र आनंदच झाला. देव खोटा निघाला, धोंडा फेका अन् विहीर बुजवा, असं त्यानं मजुरांना फर्मावलं. कोणी हललं नाही. म्हातारा बाबुलाल मजूर म्हणाला, ठेवला कोणी का असेना, नारळ आम्ही आमच्या हातानं फोडलाय. त्याच्यावर कुदळ नाही पडायची. भैयालालनं आईबहिणीवरून शिव्या दिल्या, कामावरून काढायची धमकी दिली. शेवटी स्वतःच धोंडा उचलायला वाकला. वाकला तो वाकलाच. हात काही पुढं जाईना.

गिरजाबाईनं फाटक ढकललं, आत आली अन् त्याच्या पाठीमागं उभी राहिली.

"सरक बाजूले," ती म्हणाली, "मले पानी भरू दे."