नक्को म्हणजे वाढ

सेतुरामअप्पांच्या आवाजावर तंजावरातली माणसं घड्याळं लावत, असं त्यांची लेक लावण्या पाहुण्यांना सांगे, आणि त्यात फारशी थाप नव्हती. मुळात हा ओरत्तनाडूकडच्या लग्नमंडपांत भाड्याचे माइक लावणारा पोरगा. माइक तपासता तपासता वधूवरांची नावं पुकारू लागला, मग रिक्षाला भोंगा बांधून जाहिराती ओरडत फिरला. पुढे केबल आली. इतरांनी तिच्यावर सिनेमे दाखवले. यानं माडीवर कॅमेरा मांडून गावची बातमी सुरू केली. कुठल्या कालव्याला पाणी आलं, कुणाकडे कोण वारलं. आता त्या चॅनेलला स्वतःची इमारत होती, ते मोबाइलवरही दिसायचं, पण सकाळची बातमी अप्पाच वाचत. तमिळ इतकी अस्सल, की हे लोक घरी मराठी बोलतात हे अर्ध्या गावाला माहीतच नव्हतं.

हट्ट त्यांचा एकच. मयताच्या घरी स्वतः फोन केल्याशिवाय नाव वाचायचं नाही, आणि कालव्यावरच्या माणसाला विचारल्याशिवाय पाणी आलं म्हणायचं नाही. "मी म्हटलं की लोक सुतक धरतात," ते म्हणत. "चुकून कसं चालेल?"

मग एके दिवशी मेंदूत रक्त गोठलं. उजवं अंग गेलं आणि ज्या तमिळवर सगळं उभं केलं तीही गेली. सगळं कळायचं, पण शब्द तोंडात येईतो त्यांची पेज व्हायची. मराठीतला एकच शब्द तेवढा स्वच्छ उरला. नक्को.

देवानं ठेवायचाच होता, तर दुसरा एखादा शब्द ठेवायचा! त्या घरात नक्कोला कुणी विचारत नसे. केळीच्या पानावर हात आडवा धरून "नक्को, नक्को" म्हणणाऱ्याला आणखी वाढायचं, ही रीत. लावण्या लहान असताना तिच्या हातात वाढायचा डाव देऊन अप्पांनीच शिकवलं होतं, "नक्को म्हणजे वाढ. खरंच पुरे झालं की माणूस पान मिटून उठतो." लावण्या तमिळ शाळेत शिकली, इंग्रजी कॉलेजात गेली, तिची मराठी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर फारशी आलीच नाही. आता चॅनेल तीच चालवत होती.

तिनं चेन्नईच्या एका कंपनीतल्या शेषाद्रीला बोलावलं. त्यानं अप्पांच्या खुर्चीपुढे लॅपटॉप उघडला आणि त्यातून अप्पांचा आवाज आला, "वणक्कम, तंजावूर!" जुन्या बातम्या ऐकवून त्याच्या कंपनीनं तो यंत्रात घडवला होता. तोच खर्ज, वाक्याच्या शेवटी तोच हेलकावा.

"लिहून द्याल ते वाचेल," शेषाद्री तमिळमध्ये कौतुकानं म्हणाला. "खरं-खोटं काहीही. सरांचा कॅमेऱ्यापुढे होकार तेवढा हवा."

खरं-खोटं काहीही! फोन कोण करणार? कालव्यावर कोण विचारणार?

लावण्या त्यांच्या पायाशी बसली. ती लबाड नव्हती हो, तो आवाज पहिल्यांदा ऐकून पोर दिवसभर रडली होती. "अप्पा, तुमचा आवाज परत येणार. चालेल न?"

"नक्को."

"काय म्हणाले?" फोनवर चित्रीकरण करत शेषाद्रीनं विचारलं.

लावण्या डोळे पुसत हसली. "आमच्यात आधी असंच म्हणतात. आग्रह करावा लागतो." आणि तिनं आग्रह केला. "अप्पा, माझ्यासाठी?"

"नक्को! नक्को!" अप्पांनी धड असलेला डावा हात लॅपटॉपवर आडवा धरला, आणि धरल्यावर त्यांच्या लक्षात आलं की पंगतीत हात अगदी असाच धरतात. लावण्याला तर हसू आवरेना.

एकच उपाय उरला होता. त्यांनी डावा पाय रोवला, खुर्चीचा हात पकडला आणि उठायला सगळा जीव लावला. अंग वीतभर उचललं गेलं, थरथरलं.

"उठू नका अप्पा, पडाल," म्हणत लावण्यानं मायेनं खांदे धरून त्यांना खाली बसवलं. त्यांची मान दमून एका बाजूला कलली. आपल्याकडे माणसं सरी, म्हणजे बरं, म्हणताना कलवतात, तशीच.

"पुरे," शेषाद्री म्हणाला. "होकार आला."

सोमवारी सकाळी टीव्हीवर अप्पा बोलू लागले. ओरत्तनाडूच्या कालव्याला पाणी आलं, म्हणाले. एका म्हाताऱ्याचं निधन झालं, म्हणाले. खुर्चीतले अप्पा इडलीची ताटली मांडीवर घेऊन ऐकत होते. त्यांनी कुणालाच फोन केला नव्हता.

स्वयंपाकघरातून त्यांची बायको वसुमती पिठाच्या हातांनी धावत आली. "अहो! बोललांत? तुम्हीच बोललांत न?"

मग तिची नजर टीव्हीकडे गेली आणि ती दारातच थांबली. तिनं तोंडाला पदर लावला.

अप्पांनी सगळा जीव गोळा केला. तिला तरी कळेल. "नक्को," ते म्हणाले. "नक्को, नक्को."

"असं कसं नक्को?" डोळे पुसत वसुमती आत गेली आणि आणखी एक इडली आणून तिनं त्यांच्या ताटलीत वाढली.