वैजयंती पुन्हा मस्कतला जाते

वैजयंती मस्कतहून परतली तेव्हा तिच्या धाकट्या भावाने, शिवराजने, जुळे सोलापूरच्या कॉलनीत सांगून टाकलं, "अक्का सुट्टीवर आलीय." घरात मात्र पाहुणे आले की तो तिला आतल्या खोलीत बसवायचा. दाराआडून ती ऐकायची. शिवराज तिच्या तिथल्या बंगल्याचं वर्णन करत असे. पहिल्यांदा तिला राग आला, नंतर नुसती कीव.

खरं एवढंच होतं, की एजंट मृत्युंजयने तिला ज्या घरी कामाला लावलं, त्या मालकाने पासपोर्ट काढून घेतला आणि व्हिसा संपला तरी वाढवला नाही. मारहाण सुरू झाल्यावर ती पळाली. दुसऱ्या घरी एका आजारी म्हातारीची सेवा करत लपून राहिली. शेवटी कागद नसलेल्यांना तिथल्या सरकारने दंडाविना जाऊ दिलं, तेव्हा ती दूतावासाने दिलेल्या तात्पुरत्या कागदावर निघाली. मृत्युंजयने तिचा एकही फोन उचलला नव्हता.

उन्हाळ्यात म्हातारीच्या लेकीचा फोन आला. आई दुसऱ्या कुणाच्या हातचा घास घेत नाही, परत ये, व्हिसा रीतसर काढते. नवा पासपोर्ट माझ्याकडेच राहील, अशी अट वैजयंतीने घातली. लेकीने मान्य केली.

बातमी कळताच मृत्युंजय पेढे घेऊन हजर झाला.

"ताई, एक फोटो द्या. ऑफिसात लावतो. आमची माणसं परत जातात, कळू दे की लोकांना."

"लावा की. खाली लिहा, ही मार खात होती तेव्हा आम्ही फोन उचलत नव्हतो."

शिवराज कसनुसा हसला. "अक्का, माणूस घरी आलाय."

"म्हणूनच बसू दिलं."

तिची आई अंबुबाई मोडनिंबहून आली होती. "तितं मारलं तुला, तरी परत जातीस व्हय?"

"मारणारा परका होता, आई. हितं सगळी आपलीच हायत."

मस्कतच्या विमानतळावर बोटांचे ठसे घेऊन अधिकारी बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला.

"आधी इथे होतात?"

"होते. व्हिसा संपल्यावरसुद्धा."

त्याने शिक्का मारला. बाहेर म्हातारीची लेक गाडी घेऊन उभी होती. तेवढ्यात शिवराजचा मेसेज आला, 'विमानतळाचे फोटो पाठव, स्टेटसला ठेवतो.' वैजयंतीने फोन पिशवीत टाकला आणि गाडीत बसली.