उरलेल्या तेलाचा डबा

मी बोलतोय. इकडे, इकडे! शिलाईमशीनच्या शेजारी, कात्रीच्या पलीकडे. स्टीलचा, बुटका, एका कानाला पोचा आलेला डबा. माझी मूळ जागा मात्र ही नाही. माझं निम्मं आयुष्य शेगडीच्या उजव्या हाताला गेलं, आणि ते कसं गेलं ते मलाच ठाऊक.

कारखान्यात एका दणक्यात मी स्टीलच्या पत्र्याचा डबा झालो. तोंडावर बसायला एक जाळी दिली, जाळीवर झाकण. दुकानात मी नुसता चकाकत होतो. वाटायचं, आपल्यात साखर भरतील, गेलाबाजार डाळ तरी. पण आमच्या घरच्या बाईंच्या आईनं मला उचललं आणि लेकीच्या हातात ठेवून म्हणाली, "तळणीचं तेल फेकायचं नाही पोरी. यात गाळून ठेवत जा. संसार असाच होतो."

झालं! माझं नशीब तिथंच ठरलं.

बाईंचे यजमान शिंपी. गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणतात. बाहेरच्या खोलीत दुकान, आत घर. मास्तर दिवसभर मशीनवर बसून, आणि बाई स्वयंपाक उरकून काजं-बटणं करायच्या. बटाट्याचे काप तळले, मासे तळले, की कढईतलं तेल माझ्यात. कमी झालं की वरून नवीन ओतायचं. तळ मात्र कधी रिकामा व्हायचा नाही. खाली काळा गाळ, भिंतींना चिकट थर. मला माझाच वास सहन होईना. पण डब्याला कोण विचारतो?

एक दिवस मास्तर कोट बेतता बेतता छाती धरून खाली बसले. दवाखान्यात चार दिवस काढून घरी आले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, थोडक्यात निभावलं. रक्तात वाईट चरबी फार आहे. गोळ्या चुकवायच्या नाहीत, खाणं सांभाळायचं, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. तेव्हाही उतरली नसेल तर पुढचं काहीतरी करावं लागेल.

"पुढचं काहीतरी" हे शब्द बाईंच्या मनात घर करून बसले. भांडी घासताना त्या तेच पुटपुटायच्या. मग त्यांनी पदर खोचला. तूप बंद, लोणी बंद, शेंगदाणे बंद, अंड्यातलं पिवळं बंद. तेलाची नवी बाटली घरात आणायची नाही म्हणजे नाही.

"अगं, हे जेवण आहे की शिक्षा?" मास्तर उकडलेल्या भाजीकडे बघत म्हणायचे.

"जिवंत राहायचंय ना? मग गिळा मुकाट्यानं."

पावाला लावायला त्यांनी घट्ट वनस्पती चरबीचा डबा आणला. भूक लागली की बिस्किटं. दोन्हींवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, कोलेस्टेरॉल शून्य. बाईंना हायसं वाटलं. आणि भाजी अगदीच कोरडी व्हायला लागली, की त्या हळूच माझं झाकण उघडायच्या. चमचाभर यातलं. हे काय, जुनंच तर आहे! घरात नवीन तेल येत नाही ना, मग झालं.

अहो बाई, नको! मी मनातल्या मनात ओरडायचो. पण पोटातलं ओठांवर येईल तर तो डबा कसला?

तीन महिन्यांनी रक्त तपासलं. चरबी जिथल्या तिथं. उलट कणभर वरच.

बाई घाबरल्या, आणि घरी येऊन भीतीचा राग झाला. "तुम्ही बाहेर चोरून खाताय! कोपऱ्यावरच्या तळणवाल्याकडे!"

"नाही गं. तुझी शपथ."

"माझी शपथ घेऊ नका! इथं मी जीव टाकतेय आणि तुम्ही..."

मास्तर ताट सरकवून मशीनवर जाऊन बसले. मशीन चाललं नाही, नुसतेच बसले. तो माणूस खरं बोलत होता हो! साक्षीदार मी एकटा, आणि तोही मुका.

डॉक्टरांनी त्यांना दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. त्यांचा एक नेम होता. तोंडी सांगितलेलं त्या ऐकूनच घ्यायच्या नाहीत. स्वयंपाकात जे जे घालता ते पिशवीत घालून आणा म्हणायच्या. म्हणून मीही निघालो. जन्मात पहिल्यांदा शेगडीपासून हललो!

टेबलावर आमची रांग लागली. आहारतज्ज्ञ बाईंनी माझं झाकण उघडलं आणि नाक मुरडलं. "हे काय?"

"ते होय? उरलेलं तेल. भाजीत चमचाभर घालते. नवीन थेंबभर आणत नाही हो मी."

"किती जुनं?"

तळ शेवटचा कधी पाहिला हे आमच्या बाईंनाच आठवेना.

"अहो, तेल बंद करून तुम्ही सगळ्यात वाईट तेल तेवढं चालू ठेवलंत," आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या. "पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल बिघडतं. हा वनस्पतीचा घट्ट डबा आणि ही बिस्किटं बघा. कोलेस्टेरॉल नसेल, पण तेल कृत्रिमरीत्या घट्ट केलं की त्यातली चरबी रक्तातली वाईट चरबी वाढवते. ही घराबाहेर. तूप, लोणी, मटणाची चरबी हात राखून. आणि शेंगदाणे, अक्रोड, तीळ, मासे, ताजं तेल बेतानं, हे तर हवंच. अंगाला चरबी लागते. तिच्याशिवाय काही जीवनसत्त्वं अंगी लागतच नाहीत. चरबीशी वैर नको, पारख हवी. गोळ्या मात्र चालूच."

"म्हणजे हे बाहेर काही..." बाईंनी मास्तरांकडे पाहिलं.

"मी तेच तर सांगत होतो," मास्तर म्हणाले.

बाईंचा चेहरा एवढासा झाला. "चुकलं माझं," त्या तिथंच, परक्या बाईंसमोर म्हणाल्या. "मी तुम्हाला उगाच चोर ठरवलं."

घरी आल्यावर जुनं तेल बाटलीत बंद करून कचऱ्यात गेलं. मग कडकडीत पाणी, सोडा आणि काथ्या. बाईंनी मला असं घासलं, असं घासलं की विचारू नका! तळाचा थर सुटला तेव्हा कित्येक वर्षांनी मला माझ्या पोटाचा रंग दिसला. काय हलकं वाटलं म्हणून सांगू!

पुढच्या तपासणीत चरबी उतरली, चांगली उतरली. डॉक्टर म्हणाले, "पुढचं काही करायला नको. असंच चालू द्या." घरी येऊन हे मास्तरांनी सांगितलं तेव्हा बाई स्टुलावर बसून पोटभर रडल्या, आणि मग उठून माशाला ताज्या तेलाचा हात लावायला गेल्या.

बाबांनो, तुमच्याही शेगडीपाशी माझा एखादा भाऊबंद बसला असेल. एकदा त्याचं झाकण उघडा, वास घ्या. त्याला बोलता येत नाही, तुम्हाला नाक आहे.

माझी जाळी आता खिळ्याला आहे आणि पोटात अक्रोड नि भाजलेले शेंगदाणे. मास्तर शिवता शिवता हात घालतात. "मूठभरच हं!" आतून बाईंचा आवाज येतो.

काल बाई बटणं लावायला शेजारी बसल्या होत्या. मास्तरांनी एक अक्रोड काढला, अर्धा मोडून त्यांच्यापुढे धरला. "घे. चोरीचा माल आहे."

बाईंनी डोळे वटारले, आणि हसत हसत तो तोंडात टाकला.