बडोद्याच्या तारखा

माझे एक चाक निखळले आहे आणि चेन अर्ध्यातच अडते. तरी मित्रांनो, एके काळी मी रत्नागिरीच्या रामआळीतल्या दुकानात सगळ्यांत देखणी निळी बॅग होते. जवळच्याच पाली गावच्या आत्मारामांनी एकुलत्या लेकीच्या, ऋतिकाच्या लग्नासाठी मला निवडले. तिची आई लवकर गेलेली. घरात बापलेक दोघेच. लग्न पालीतच, दारात मांडव घालून झाले. पाहुण्या बायका मला चाचपून म्हणाल्या, "टिकणारी आहे हो!"

ऋतिकाबरोबर मी बडोद्याला गेले. तिचा नवरा हर्षद तिथे नोकरीला होता. पहिली वर्षे बरी गेली. दिवाळीला पालीला यायचे, परतताना कुळथाचे पीठ आणि आमसुले पोटात भरून जायचे. पुढे त्या घरात बोलणे कमी आणि धुसफूस जास्त झाली. मारहाण नव्हती, व्यसन नव्हते. दोघांचे पटलेच नाही. एका सकाळी ऋतिकाने मला भरले आणि ती माहेरी आली. गावातल्या शाळेत शिकवू लागली.

घटस्फोट दोघांनाही हवा होता. अडले एवढ्यावरच, की कुठल्या कोर्टात? हर्षदने बडोद्यात दावा लावला. नोटीस माझ्यात घालून बापलेक रत्नागिरीला वकीलबाईंकडे गेले.

"त्यानं तिकडं लावलान, तर आपण हिकडं का नाय लावायचा? लगीन हिकडंच झालंय ना?" आत्मारामांनी विचारले.

"लावता येतो की. लग्न झालं तिथं, शेवटचा संसार होता तिथं, नाहीतर बायको राहते तिथं. पण त्यांनी आधी लावलाय. तो खटला दुसऱ्या राज्यातून इकडं आणायचा, तर अर्ज दिल्लीला, सुप्रीम कोर्टात करावा लागेल."

"पालीतलं लगीन मोडायला दिल्ली?" आत्माराम हताशपणे म्हणाले.

तो अर्ज केला, पण रेंगाळला. तोवर बडोद्याच्या तारखा चुकवता येईनात. शाळेतून रजा मागायची, बाबांचा डबा शेजारच्या तुळसाकाकूंना सांगायचा, रेल्वेत अवघडून बसायचे. तिथे पोचावे तर हर्षदचे वकील आजारी. पुढची तारीख! पुन्हा तीच गाडी, कोर्टाचे तेच जिने. मला तोंड असते तर त्या व्हरांड्यात मी बोंब मारली असती. माझ्यावर डोके टेकून ऋतिका नुसती बसून राहायची.

अशाच एका तारखेला तुळसाकाकूंचा फोन आला. "ऋतिका, बाबा न्हाणीत पडलेत गो! कधीचे पडलेत काय माहीत. हाक मारली तर ओ देईनात."

ऋतिका मला ओढतच जिना उतरली. तेव्हाच माझे चाक गेले. मागून हर्षद धावत आला आणि त्याने मला खांद्यावर घेतले. स्टेशनवर सोडून तो परत जाईल असे वाटले होते. तो गाडीत चढला आणि रत्नागिरीपर्यंत आला.

अर्धांगाचा झटका होता. आत्माराम वाचले, पण उपचाराला उशीर झाल्याने उजवे अंग गेले. दवाखान्याच्या बाकावर हर्षद म्हणाला, "तिकडचा दावा मागे घेतो. इथंच दोघांनी मिळून अर्ज करू."

"मी पहिल्यापासून हेच सांगत होते."

"मला वाटायचं, इथं आलो की सगळं गाव मलाच दोष देईल."

"आणि माझे बाबा घरी एकटे असायचे, ते?"

हर्षदने तिथूनच आपल्या वकिलांना फोन लावला.

पुढे रत्नागिरीच्या कोर्टात दोघे शांतपणे वेगळे झाले. जे एका बाकावर बसून ठरले, त्यासाठी मी दोन वर्षे फरफटले. आता मी माळ्यावर आहे. खाली ऋतिका बाबांना घास भरवते, तेव्हा मला आजही चीड येते.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. कधी कुणाशी नाते तोडावे लागलेच, तर भांडण कुठे मांडायचे हे एकट्याने ठरवू नका. तिथवर समोरच्याला कसे यावे लागेल आणि मागे घरात कोण एकटे राहील, एवढे आधी विचारा. तोडतानाही माणसाला जपता येते.