बसायला मनाई असलेला बाक

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बाक आहे आणि माझ्यावर बसायला मनाई आहे. हसू नका. मलाही आधी ही थट्टाच वाटली होती.

मी ज्या दगडी इमारतीत आहे, तिथे पूर्वी गोरगरिबांचे इस्पितळ होते. सुताराने मला तिथल्याच आवारात घडवले आणि बाळंतपणाच्या खोलीबाहेर भिंतीला लावून ठेवले. लेकीच्या काळजीने नखे कुरतडणाऱ्या आया, येरझाऱ्या घालून थकलेले बाप, भांडण विसरून शेजारी टेकलेल्या विहिणी, सगळ्यांना मी पेलले. लोक बसून बसून माझ्या मधोमध खळगा पडला. खरे सांगतो, त्या खळग्याचा मला फार अभिमान होता.

पुढे इस्पितळ शहराबाहेर गेले आणि इमारतीत बड्या लोकांचे हॉटेल आले. इथे गरम पाण्याची कुंडे आहेत, सुगंधी तेले आहेत, मालीश आहे. थकवा घालवायला लोक लांबून मोटारीत बसून येतात. मी अडगळीत पडलो होतो, तो सजावट करणाऱ्यांना सापडलो. त्यांना म्हणे जुनेपणा हवा होता. त्यांनी माझा खळगा भरला, रंधा मारला, पॉलिश चढवले. मग मी अगदीच नवा दिसायला लागलो. तेव्हा एका कारागिराने मला लोखंडी साखळीने बडवून अंगावर जुनेपणाचे वण पाडले. या उंटावरच्या शहाण्यांपुढे लाकडाने काय बोलावे?

मला मालीशच्या खोल्यांबाहेर रेशमी दोरीमागे ठेवले. पाहुण्यांनी मला नुसते बघायचे. नोकरांनी तर कामाच्या वेळेत कुठेच बसायचे नाही, असा नियम.

मालीश करणाऱ्यांत एक ताई होती. तिला सातवा महिना होता आणि नवऱ्याचे काम सुटलेले. बाळंतपणाची भरपगारी रजा मिळेपर्यंत नोकरी टिकवायची, एवढेच तिच्या मनात होते. दिवसभर ती लोकांचे पाय चेपायची आणि तिचे स्वतःचे पाय सुजून जायचे. एका दुपारी बाहेर कोणी नव्हते. तिने दोरी उचलली, माझ्यावर टेकली, पोटावर हात ठेवला आणि तिचा डोळा लागला. कित्येक वर्षांनी माझ्यावर माणसाचा भार आला होता. मला भरून आले.

तेवढ्यात एक पाहुणीबाई खोलीतून बाहेर आल्या. ताईच्या हाताने त्यांची मान मोकळी झाली होती, त्या खुशीत होत्या. त्यांनी तिला उठवले नाही, हळूच फोटो काढला. संध्याकाळी तो मॅनेजरसाहेबांना दाखवून त्या कौतुकाने म्हणाल्या, "तुमच्याकडे काम करणारी माणसंसुद्धा किती निवांत आहेत, बघा." बाईंच्या मनात काही वाईट नव्हते. साहेबांनी हसून आभार मानले.

सकाळी त्यांनी ताईला माझ्यासमोरच उभे केले.

"साहेब, पाय उचलत नव्हते. जरा टेकले फक्त."

"टेकायचं होतं तर कामावर कशाला आलात? आता राहा घरीच."

ताई रडली नाही. तिने एप्रन काढून घडी घातली आणि माझ्यावर ठेवायला वाकली. मग काय वाटले कोण जाणे, हात मागे घेऊन तिने ती घडी साहेबांच्या हातात दिली.

तो फोटो पुढे लोकांना इतका आवडला, की साहेबांनी तो मोठा करून माझ्या मागच्या भिंतीवर लावला आहे. पाहुणे म्हणतात, किती शांत वाटतं बघून. मला त्यांचा राग येतो, साहेबांचा येतो आणि न मोडता इतकी वर्षे टिकलो म्हणून स्वतःचाही येतो.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असे आमच्यासारख्यांनी शेवटी सांगायचे असते. मला जपू नका. मला इथे रोज दोनदा पुसतात. ताईच्या जागी आलेली नवी मुलगी त्या फोटोखाली दिवसभर उभी असते. कधी इथे आलात, तर तिला बस म्हणा. मला तोंड नाही.