डावी भुवई

"हलू नका हं काका, मलम डोळ्यात जाईल," नर्स म्हणाली. तिने मामांच्या दोन्ही भुवयांवर पांढऱ्या मलमाचा जाड थर दिला आणि वरून पातळ प्लास्टिकचा कागद चिकटवला. "कातडी बधिर होईपर्यंत असंच पडून राहायचं."

मामा पडून राहिले. एका बाजूला भिंत होती आणि दुसऱ्या बाजूला स्टुलावर मुलगी बसली होती. लहान मुलाला सुई टोचायला आणल्यासारखा तिने त्यांचा हात धरून ठेवला होता. उठायचं म्हटलं तरी कुठून उठणार?

"घाबरलात का बाबा?"

"मला काय धाड भरलीय?"

"मग हाताला घाम का आलाय?"

"तू घट्ट धरून बसलीस म्हणून."

ती हसली, पण तिने हात सोडला नाही.

मामा एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्टमन होते. जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट, त्यात एक स्टूल आणि दिवसभर वर-खाली. तिथे सगळे त्यांना मामाच म्हणत. पाठीमागे मात्र त्यांचं नाव 'काय म्हणता' असं होतं.

ते नाव बायकोमुळे पडलं होतं. तरुणपणी चाई पडून मामांच्या भुवयांचे केस गळाले ते परत आलेच नाहीत. बायको घराच्या पुढच्या खोलीत पार्लर चालवायची. सुईने रंग भरून कायमच्या भुवया काढायचं काम ती नवीनच शिकून आली होती, पण पहिलं गिऱ्हाईक व्हायला कुणी तयार होईना.

"अहो, तुम्हीच बसा ना," ती म्हणाली होती. "तुम्हाला तरी कुठे भुवया आहेत? बिघडून बिघडून काय बिघडणार?"

बिघडलं. उजवी भुवई चित्रातल्यासारखी आली, डावी वर चढली. तेव्हापासून मामांचा चेहरा समोरच्याला सारखा 'काय म्हणता?' असं विचारू लागला. कुणी लिफ्टमध्ये शिरून 'तिसरा मजला' म्हणायचा आणि मामांकडे नजर गेली की चाचरत पुन्हा सांगायचा, "हो, तिसराच." पुढे काळा रंग उतरून विटकरी झाला, पण भुवई होती तिथेच राहिली.

बायको गेली तेव्हा भेटायला आलेली माणसंही त्यांच्यापुढे चाचरली. 'याला अजून खरं वाटत नाहीये,' असं कुणीतरी कुजबुजलं. ते मात्र खोटं नव्हतं.

मग ऑफिसात बदलून आलेल्या एका बाईंनी तक्रार केली, की लिफ्टमन माझ्याकडे बघून भुवई उडवतो.

साहेबांनी मामांना बोलावलं. ते हसू दाबत होते, पण बोलले ते हसण्यासारखं नव्हतं. "मला माहीत आहे हो मामा. पण बाईंना कोण समजावणार? एक तर ते चेहऱ्यावरचं काढून टाका, नाहीतर तळघरात पाण्याच्या पंपावर जा. तिथे तुम्ही कुणाकडे बघायला नको आणि कुणी तुमच्याकडे बघायला नको."

मुलीने त्याच आठवड्यात हा दवाखाना शोधला. "नाहीतरी तुम्हाला कधी आवडल्या होत्या त्या?" ती म्हणाली. "आईला किती बोलायचात!"

हेही खरंच होतं. पाहुणे आले की मामा भुवईवर बोट ठेवून म्हणायचे, "बघा, हिची करणी!" लग्नाला जायचं असलं की म्हणायचे, "एका बाजूने टोपी जरा खाली घेतो." दाढी करताना तर रोज काहीतरी असायचंच. ती आतून ओरडायची, "अहो, झालं का पुराण? पाणी गार होतंय!" सगळ्या घराला, साऱ्या नातेवाइकांना ठाऊक होतं, की मामांना या भुवया नकोत. आता नको म्हणायचं तर कोणत्या तोंडाने म्हणायचं?

म्हणून ते बोलले नाहीत. मुलीने रजा काढली, ते शर्ट घालून तिच्यामागे निघाले.

डॉक्टरीणबाई आल्या. वयाने मुलीएवढ्याच असतील. त्यांनी कागद काढून मलम पुसलं आणि भुवईवर टिचकी मारली. "कळतंय का काका?"

"नाही."

"छान. दोन प्रकार आहेत. लेझरने आतला रंग फुटतो आणि मग शरीरच तो हळूहळू वाहून नेतं. दुसरं म्हणजे सुईने मिठाचं पाणी आत भरायचं. त्याची खपली धरते, खपलीबरोबर थोडा थोडा रंग निघतो. ते वेळखाऊ आहे, डागही राहू शकतो."

"लेझरच करा," मुलगी म्हणाली.

"एक सांगा काका. यावर नंतर कधी कातडीच्या रंगाची शाई भरली होती का? चूक झाकायला भरतात काही जण."

"छे. एकदाच काढल्या. नंतर एकदा निजवलं होतं, पण ते रंग पक्का करायला."

"बरं. तरी आधी एकच ठिपका मारून बघू."

त्यांनी मामांच्या डोळ्यांवर धातूच्या वाट्या बसवल्या. मिट्ट काळोख झाला. मामांना दुसऱ्यांदा निजवलं होतं ती दुपार आठवली. पहिल्यांदा काढल्यापासून भुवयांवर पट्टी होती, बायकोने अजून आरसा पाहू दिला नव्हता. बायकोने पार्लरचं दार आतून लावून घेतलं होतं. एरवी काम करताना तिचं तोंड बंद नसायचं, त्या दिवशी ती आपणहून एक शब्द बोलली नव्हती. मामांनी विचारलं होतं, "एवढा वेळ रंग पक्का करायला?" ती म्हणाली होती, "तुम्ही गप पडा."

टक्क असा आवाज झाला. केस जळल्यासारखा वास आला.

"थांबा जरा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"काळं कसं झालं हे?" मुलीचा आवाज.

वाट्या निघाल्या. मामांनी डोळे किलकिले केले. डॉक्टरीणबाई भिंग घेऊन त्यांच्या कपाळावर वाकल्या होत्या.

"काका, रंग पक्का केला नव्हता. कातडीच्या रंगाची शाई भरली होती. त्या शाईत पांढरा रंग असतो, लेझर लागला की तो काळा पडतो." त्यांनी पांढरी पेन्सिल घेतली. "आता कळल्यावर सगळं दिसतंय. भुवई आधी इथून... अशी... इथपर्यंत होती. वरची सगळी झाकलीय. फार बारीक काम आहे हो. कुणी केलं?"

"माझ्या आईने," मुलगी म्हणाली.

नर्सने आरसा धरला. मामांनी पाहिलं. डाव्या विटकरी भुवईच्या वरच्या कडेला एक काळा ठिपका होता. त्यातून पेन्सिलची पांढरी रेघ निघून वर वर चढत पार कपाळाच्या मध्यावर गेली होती.

मामांना हसू फुटलं. खांदे हलायला लागले. "अगं, एवढी?" ते आरशाला म्हणाले. "एवढी मोठी चूक? आणि मी त्या उरलेल्या एवढ्याशावरून तुला..."

मुलगी घाबरली. "बाबा! डॉक्टर, आता काय करायचं?"

"काळं झालेलंही काढता येतं. जास्त वेळा यावं लागेल, पण निघेल. आजच सुरुवात करू शकतो."

"करा. बाबा, झोपा."

मामा झोपले नाहीत. त्यांनी मुलीच्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

"नको," ते म्हणाले.

"अहो, नको काय? आता तर आणखी विचित्र दिसतंय! आणि साहेब काय म्हणाले विसरलात?"

"जाईन पंपावर."

"दिवसभर तळघरात? एकटे?" तिचे डोळे भरून आले. "तुम्हीच तर जन्मभर म्हणत होतात बाबा, हे नको म्हणून. मी तुमच्यासाठीच..."

"म्हणत होतो," मामा म्हणाले. "तेव्हा ऐकून घ्यायला ती होती."

डॉक्टरीणबाईंनी यंत्राचं बटण बंद केलं. नर्स कापसाचा बोळा भिजवून पुढे आली. "पेन्सिल तरी पुसते काका. बाहेर लोक बघतील."

"बघू देत."

दोघं घरी निघाली. वाटेत बधिरपणा उतरला आणि ठिपका चुणचुणायला लागला. मुलीने रुमालात बर्फ गुंडाळून दिला होता. मामांनी तो हातातच धरून ठेवला, पाणी ठिबकून पँट भिजली.

घरात शिरल्यावर सवयीने ते मोरीवर गेले. नळ सोडला. ओंजळीत पाणी घेऊन आधी मान धुतली, मग हनुवटी, मग गाल. डोळ्यांपर्यंत आल्यावर हात थांबला. बोटं ओली करून त्यांनी डोळ्यांच्या फक्त खालून फिरवली.

मुलगी दारात टॉवेल घेऊन उभी होती. त्यांनी तो घेतला आणि कपाळाला लागू न देता, सावकाश, तोंड टिपलं.